४८ तासांच्या गेम जॅमसाठी (ठरावीक वेळात गेम बनवायची स्पर्धा) गोडो इंजिन घ्यावं की युनिटी? पहिलाच जॅम आहे

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोघंही प्रोग्रॅमर आहात, चित्रकार कुणी नाही, थीम शुक्रवारी संध्याकाळी कळणार, आणि 'घाईत ई.टी.सारखा कचरा होऊ नये' म्हणून झटपट काम होईल असं इंजिन हवंय. इंजिनाचं सांगतो, पण आधी त्या ई.टी.चं, म्हणजे जगातला सर्वांत वाईट म्हणून बदनाम झालेल्या गेमचं. कमी वेळात केलेल्या गेमचा विषय निघाला की कुणीतरी हे नाव फेकतंच, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी.

१९८२ च्या जुलैअखेरीस अटारी या अमेरिकी गेम कंपनीने आपला प्रोग्रॅमर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला ई.टी. सिनेमावरचा गेम करायला सांगितलं. नाताळच्या बाजारात कार्ट्रिज पोचायचं तर १ सप्टेंबरला काम संपायला हवं होतं. म्हणजे पाच आठवडे, एकटा प्रोग्रॅमर, आणि यंत्र अटारी २६००, ज्यात रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. सगळा गेम ८ किलोबाइटमध्ये. एरवी अशा एका गेमला कित्येक महिने मिळायचे.

त्या पाच आठवड्यांत त्याने सहा भागांचं जग उभं केलं, घनाच्या सहा बाजूंसारखं एकमेकांना जोडलेलं. फोनचे तीन तुकडे लपवले, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बदलणारी चिन्हं वरच्या पट्टीत ठेवली, मागे लागणारा शास्त्रज्ञ आणि एफबीआयचा माणूस घातला, पावलागणिक घटणारा ऊर्जेचा आकडा घातला. सिनेमाचा दिग्दर्शक स्पीलबर्गला पॅकमॅनच्या धर्तीवरचं काहीतरी चाललं असतं; वॉरशॉने स्वतःची कल्पना रेटली. गेम वेळेत झाला आणि त्याला शेवटही होता. जॅममध्ये येणाऱ्या कितीतरी गेमना तो नसतो.

मग बिघडलं कुठे? खड्ड्यांत. फोनचे तुकडे खड्ड्यांत असतात, मान लांब करून तरंगत वर यावं लागतं, आणि वर आल्याआल्या जॉयस्टिक जरा चुकीकडे गेली की परत खाली. चित्र तिरप्या कोनातलं आहे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटतं पाय खड्ड्यात गेला तरच पडेल. प्रत्यक्षात ई.टी.च्या अंगाचा कुठलाही पिक्सेल खड्ड्याला लागला की तो पडतो. डोकं लागलं तरी. पाय जमिनीवर, डोकं खड्ड्याच्या चित्रावर, आणि गेला खाली. पुढे हौशी मंडळींनी मूळ रॉममध्ये (कार्ट्रिजमधल्या कोडमध्ये) थोडे बदल करून पडण्याचा निर्णय पायांवर आणला, आणि तोच गेम बऱ्यापैकी खेळण्याजोगा झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की पाच आठवडे कमी पडले नाहीत. गेम बाहेरच्या माणसाच्या हातात देऊन बघायला कुणी वेळ ठेवला नाही, तो घाव आहे. ज्याने खड्डे लिहिले त्याला ते कसे चुकवायचे ते ठाऊकच असतं. तुमचंही तसंच होणार, इंजिन कुठलंही घ्या.

यातून तुमच्या कामाची गोष्ट. टक्कर मोजायला इंजिन स्प्राइटएवढा (पात्राच्या चित्राएवढा) चौकोन आयता देतं, त्यालाच कोलायडर किंवा हिटबॉक्स म्हणतात; तो तसाच ठेवू नका. वरून दिसणारा गेम असेल तर १६ बाय १६ च्या स्प्राइटला पायांपाशी साधारण १० बाय ५ चा कोलायडर पुरतो. काटे, गोळ्या, शत्रू यांचा हिटबॉक्स चित्रापेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन पिक्सेल आत घ्या. नाणी आणि किल्ल्यांचा तेवढाच बाहेर काढा. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की थोडक्यात वाचलो. मार बसल्यावर किंवा खड्ड्यातून वर आल्यावर पाऊण-एक सेकंद अभय द्या, त्या काळात स्प्राइट लुकलुकू द्या. या सगळ्याला मिळून अर्धा तास लागतो.

उडीचंही तसंच. गुरुत्वाकर्षणाचे आकडे अंदाजाने फिरवत बसलात की शनिवारची सकाळ गेली. उलटीकडून या: किती उंच उडायचं आणि वर पोचायला किती वेळ, हे ठरवा. गुरुत्व म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळ. ६४ पिक्सेल उंची ०.४ सेकंदात हवी तर गुरुत्व ८००, वेग ३२०. खाली येताना गुरुत्व दीडपट करा, उडी तरंगल्यासारखी वाटत नाही. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी चालू द्या, आणि जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंद दाबलेलं बटण लक्षात ठेवा. हे दोन टायमर नसले की लोक म्हणतात, 'कंट्रोल बरोबर नाहीत', आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

आता वेळेचं. शुक्रवारी रात्री झोपण्याआधी स्क्रीनवर एक चौकोन हलला पाहिजे, आणि तो चौकोन वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती) होऊन इच.आयओ या गेम ठेवायच्या साइटच्या गुप्त पानावर चढलेला पाहिजे. हो, नुसता चौकोन. शनिवारी दुपारपर्यंत सुरुवात, हरणं, जिंकणं आणि पुन्हा सुरू करणं एवढं चालायला हवं, चित्रं कितीही भिकार असोत. शनिवारी रात्री नवीन कल्पनांना कुलूप. त्याच रात्री घरातल्या एखाद्या, गेम न खेळणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि तोंड बंद ठेवा. 'अगं, तिथे उडी मार ना' असं म्हणावंसं वाटलं की वहीत लिहा. रविवारचं काम तीच यादी. पहिली लेव्हल तुम्हाला हास्यास्पद सोपी वाटली तर ती बरोबर आहे. शेवटच्या तीन तासांत कोडला हात लावायचा तो फक्त बंद पडणाऱ्या गोष्टींसाठी.

वेब बिल्डवर एवढा जोर का, तर जॅममध्ये तुमचा गेम खेळणारे बहुतेक लोक दुसरे स्पर्धकच असतात, आणि अनोळखी एक्झी फाइल उतरवून घ्यायला ते नाखूश असतात. लुडम डेअर या प्रसिद्ध ऑनलाइन जॅममध्ये किमान २० जणांनी गुण दिल्याशिवाय क्रमांकच लागत नाही. आणि वेब बिल्ड नेमका शेवटच्या तासाला दगा देतो, कारण त्याच्या अडचणी तुमच्या मशीनवर दिसतच नाहीत.

विंडोजवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं, एक्स्पोर्टनंतर धरलं जात नाही. कोडमध्ये एक आणि डिस्कवर दुसरं असेल तर चित्र गायब. नावं सरसकट लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा. ब्राउझर क्लिक किंवा की दाबल्याशिवाय आवाज सुरू करत नाही, म्हणून 'सुरू करा' असा पहिला पडदा लागतोच. स्पेस आणि बाणांच्या की दाबल्या की कधीकधी पानच सरकतं. वाकण्यासाठी कंट्रोल आणि पुढे जाण्यासाठी डब्ल्यू ठेवलंत तर खेळणारा ऐन रंगात स्वतःच टॅब बंद करेल. एस्केपवर पॉज ठेवू नका, फुलस्क्रीन त्याच कीने सुटतो. झिप करताना इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल मुळाशी हवी, फोल्डरच्या आत नको. इच.आयओवर झिपमध्ये १००० पेक्षा जास्त फाइल चालत नाहीत, उलगडल्यावर ५०० एमबीची मर्यादा आहे. लहान गेमला ती लागत नाही, चुकून प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर झिप केलं तर लागते.

गोडो ४ मध्ये सी शार्प वापरलं तर वेब एक्स्पोर्ट होत नाही, गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच घ्या. रेंडरर (चित्र काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी निवडा. ४.३ पासून एका थ्रेडचा वेब बिल्ड मिळतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर इचच्या पानावर शेअर्डअ‍ॅरेबफर नावाच्या पर्यायावर खूण करावी लागते, नाहीतर पडदा कोरा. एक्स्पोर्ट टेम्प्लेट वेगळे उतरवावे लागतात, ते गुरुवारीच उतरवा. युनिटीत वेब बिल्डचं मॉड्यूल युनिटी हबमधून आधी टाकून घ्या. पहिला बिल्ड चांगलाच वेळ खातो. रविवारी शेवटच्या अर्ध्या तासासाठी तो ठेवू नका. लोडिंगची पट्टी अडकली तर कॉम्प्रेशन बंद करा किंवा डीकॉम्प्रेशन फॉलबॅक चालू करा.

दोघांचा कोड एकत्र ठेवायला गिट वापरताय असं धरतो. दोघांनी एकच सीन एकाच वेळी उघडायचा नाही, एवढा एक नियम पाळा. एकाचा खेळाडू, दुसऱ्याच्या लेव्हल. युनिटीत लायब्ररी फोल्डर गिटमध्ये नको पण मेटा फाइल हव्यातच, त्या राहिल्या की दुसऱ्याच्या मशीनवर सगळे दुवे तुटतात. गोडोत लपलेलं डॉट गोडो फोल्डर वगळा, इम्पोर्ट फाइल ठेवा.

चित्रकार नाही याचं दुःख करू नका. ३२० बाय १८० चा पडदा घ्या. चौपट केला की १२८० बाय ७२०, सहापट केला की १९२० बाय १०८०, पिक्सेल फाटत नाहीत. चार-पाच रंग ठरवा आणि खेळाडूचा रंग दुसऱ्या कशालाच देऊ नका. केनी या साइटवरची तयार चित्रं सीसी शून्य परवान्याची (कुणीही वापरावीत अशी) आहेत, बिनधास्त वापरा. मात्र लुडम डेअरच्या ४८ तासांच्या कॉम्पो विभागात चित्रं, आवाज सगळं त्याच वेळात स्वतः आणि एकट्याने केलेलं लागतं. तिथे उतरणार असाल तर तुम्ही दोघं आहात म्हणजे ७२ तासांचा जॅम विभाग, तिथे बाहेरचं चालतं, फक्त ग्राफिक्सच्या गुणांतून नाव काढून घ्यायचं.

आवाज मात्र टाळू नका. एसएफएक्सआर हे आवाज बनवायचं साधन २००७ च्या लुडम डेअरसाठीच लिहिलं गेलं होतं, कारण घाईत लोक गेम मुके सोडत होते. आता ते ब्राउझरमध्येही मिळतं. उडी, मार, नाणं, हार, जिंकणं: पाच आवाज, अर्धा तास. वाजवताना पिच दर वेळी ०.९ ते १.१ च्या मध्ये बदला, तोच आवाज डोक्यात जात नाही. पार्श्वसंगीत ऑग (ogg) फाइलमध्ये ठेवा. एमपी३ च्या सुरुवातीला रिकामी जागा राहते आणि फेरी संपताना अडखळल्यासारखं होतं. मार बसला की दोन-तीन फ्रेम सगळं गोठवा आणि पडदा ०.१५ सेकंद तीन-चार पिक्सेल हलवा. जास्त हलवलंत तर डोकं दुखतं.

गेममध्ये मराठी मजकूर घालणार असाल तर इंजिनाचा प्रश्न खरंच महत्त्वाचा होतो. गोडो ४ ला देवनागरीची जुळणी येते, गोडो ३ ला येत नव्हती. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. वेब बिल्डमध्ये सिस्टिमचा फॉन्ट मिळत नाही, त्यामुळे 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी एक फॉन्ट प्रोजेक्टमध्येच टाका, नाहीतर चौकोन दिसतील. आणि ३२० बाय १८० मध्ये ८ पिक्सेलचं इंग्रजी वाचता येतं, मराठी नाही. वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं आठ पिक्सेलच्या उंचीत मावत नाही. मजकुराचा थर वेगळा ठेवून पूर्ण रेझोल्यूशनवर काढा, किंवा शीर्षक चित्र म्हणून बनवा. 'मराठीत लिहिलं की गेम गावंढळ दिसतो' म्हणणारे भेटतात. त्यांनी फुटलेली अक्षरंच पाहिलेली असतात.

वेळ कमी म्हणून गेम वाईट, हे ज्यांना अजून म्हणायचंय त्यांच्यासाठी: सेलेस्ट या गाजलेल्या गेमची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये दोघांनी पिको-८ वर (छोट्या गेमसाठीचं एक काल्पनिक यंत्र) चार दिवसांत केली होती. सुपरहॉट हा गेम २०१३ च्या सात दिवसांच्या एफपीएस (नेमबाजीच्या गेमच्या) जॅममधून आला. दोन्ही पुढे वाढले, पण पहिल्या आवृत्तीतच एक गोष्ट नीट होती: सेलेस्टमध्ये हवेतला झटका, सुपरहॉटमध्ये तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकतो. तुम्हीही एकच क्रियापद निवडा. इन्व्हेंटरी, संवाद, सेव्ह, ऑनलाइन, काही नको.

आता न्यायाने बोलायचं तर वॉरशॉ नवखा नव्हता, त्याच्या नावावर 'यार्स रिव्हेंज' हा गेम होता. पाच आठवड्यांत सहा भागांचं जग कुणालाही जमेल असं नाही. अटारी बुडण्यामागे १९८३ ची अख्खी बाजाराची घसरण होती, एकट्या ई.टी.वर ते खापर फोडता येत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत अटारीने न खपलेला माल पुरला होता; तिथे २०१४ मध्ये खणलं तेव्हा ई.टी.बरोबर अटारीचे इतरही गेम निघाले.

इंजिन: दोघांपैकी एकाचाही युनिटीवर आधीपासून हात बसलेला असेल आणि गेम इंग्रजीत असेल तर युनिटीच घ्या, जॅमच्या आठवड्यात इंजिन बदलू नका. दोघंही कोरे असाल तर गोडो ४, जीडीस्क्रिप्ट, २डी. ३डी करायचंच असेल तर माझं वरचं वेळापत्रक धरू नका, एक लेव्हल कमी करा.