मोठ्या बाबांना काय म्हणायचं?

प्रिय ओवी,

रविवारी आत्याचा नागपूरहून फोन आला तेव्हा तू शेजारी बसून होमवर्क करत होतीस. मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, विषय निघाला आणि आत्या म्हणाली, "सोड ना, तो बेवडा!" फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, हेल्थच्या वर्गात आम्हाला सांगतात की हा आजार आहे. मग मराठीत आजारी माणसाला शिवी का देतात?" मी जेवायला चल म्हणालो, पण तुझा प्रश्न मला लागला. तोंडाने नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी तो शब्द. बेवडा म्हणजे मुळात माणूस नव्हेच, दोनदा गाळलेली कडक दारू. 'बे एके बे' मधला तोच हा बे. दारूचं नाव पुढे पिणाऱ्याला चिकटलं. दारू हा शब्द फारसीतला, तिथे त्याचा अर्थ औषध, म्हणून आपण अजून 'दवादारू केली' म्हणतो. व्यसन या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट. इंग्रजीतला ॲडिक्ट तर थेट रोमन कायद्यातून आला: कर्ज फेडता आलं नाही की कर्जदाराला सावकाराच्या ताब्यात द्यायचे, त्याला तसं म्हणत. तुझ्या वर्गातलं 'अल्कोहोल यूज डिसऑर्डर' हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात २०१३ साली आलं, मोठे बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे मराठीच तेवढी कठोर, असं मला वाटत नाही. तरी आत्याचं ते बोलणं मलाही टोचलं. बेवडा याच्यापेक्षा 'तो' जास्त टोचलं. आमच्या घरात मोठ्या बाबांना सगळे 'ते'च म्हणायचे, पिऊन आले तरी.

ते मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी त्यांची बायको, माझी मोठी आई, मला हाताला धरून मिलच्या गेटवर न्यायची. तिथे आधीच कितीतरी बायका उभ्या असायच्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात रिकामी पिशवी. भोंगा व्हायचा, माणसं बाहेर पडायची. मी दिसलो की मोठे बाबा खिशातलं पाकीट न मोजता मोठ्या आईच्या हातात द्यायचे आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणायचे. मला सोबत नेण्याचं कारण मला फार पुढे कळलं. एखाद्या महिन्यात ते मागच्या गेटने निघून जायचे. मग आम्ही दोघं पायी परतायचो आणि इंदोरा चौक येईपर्यंत मोठी आई एक शब्द बोलायची नाही. एकदा घरातला पाण्याचा पितळी गुंड गेला. दुसऱ्या दिवशी त्या जागी मातीचा माठ आला. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आणि माझी आजी, मोठ्या बाबांची आई. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ती त्या गर्दीत होती, पांढरं लुगडं नेसून. बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी दारू न पिण्याची. त्या आजीच्या थोरल्या मुलाला दारू लागली, याचं तिला काय झालं असेल हे मी आज बाप झाल्यावर थोडं समजू शकतो. पौर्णिमेला संध्याकाळी ती आम्हा सगळ्या पोट्ट्यांना समोर बसवून वंदना घ्यायची. मोठे बाबाही हातपाय धुऊन मागे बसायचे. त्यांचा आवाज भारदस्त होता. पंचशीलातली पहिली चार शीलं ते सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं आलं, "सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी", की ते गप्प व्हायचे. आजी एकटीच ती ओळ पूर्ण करायची, मागे वळून न बघता. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते नुकतंच म्हटलं होतं, म्हणून पाचवं त्यांच्या तोंडून निघत नसावं. त्यांनी मला तसं कधी सांगितलं नाही, पण मी असंच समजत आलोय. पंचशील तू म्हणायलाच हवं असं मी सांगत नाही. तुला वाटलं तर म्हण.

मोठी आई त्यांना बेवडा कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "त्यायले दारू लागली. माणूस वाईट नोता." मराठीत भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, तशी दारूही लागते. माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होतं. तुझ्या बाई आजार म्हणतात, ते मोठी आई शाळेत न जाता म्हणत होती. आणि सोडली की म्हणायचं, "सुटली." मोठ्या बाबांची मधे एकदा सुटली होती. त्या दिवाळीत त्यांनी अंगण स्वतः सारवलं होतं. मिल बंद पडली आणि परत लागली.

पण ओवी, 'लागली' म्हटलं की सगळं दारूवरच जातं, हेही मला खटकतं. मागच्या गेटने कुणी ओढून तर नेलं नव्हतं. मोठ्या आईच्या कानातलं दारूने उचलून नेलं नाही, त्यांनी नेलं. मी त्यांचा लाडका होतो, माझं ऐकताना हे लक्षात ठेव.

आपल्या ओहायोत, घरापासून दोन तासांवरच्या ॲक्रनला, १९३५ साली दारू सोडू पाहणारी दोन माणसं भेटली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. त्यांच्या सभा नागपुरातही भरतात. या आजाराला मराठीत ते मद्यपाश म्हणतात. मला हा शब्द पटतो: पाश आपण होऊन गळ्यात घातला तरी सोडवायला दुसरा माणूस लागतो. मोठ्या बाबांना तिथे कुणी नेलं नाही. घरात तशी माहितीच कुणाला नव्हती.

काल मी आत्याला फोन केला आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती रागावली नाही. म्हणाली, "पोरीचं बरोबर हाये. पण तू मिलच्या गेटवर उभा राहायचा, तुले सायकलवर बसून घरी याले भेटायचं. माह्या दहावीच्या फीचे पैसे डब्यातून गेले, थे कोणी नेले? त्या वर्षी मी घरी बसली. मी त्याले बेवडाच म्हणीन."

तिच्याशी मी वाद घातला नाही. वर्गात लिहायचं असेल तर बाई सांगतात तेच लिही. आत्याला तिचा शब्द वापरू दे. आणि दिवाळीत नागपूरला जाऊ तेव्हा मोठ्या आईला तू स्वतः विचार. तिला त्यांच्याबद्दल बोलायला आवडतं, आणि मला माहीत नसलेलं बरंच काही तिच्याकडे आहे.

तुझा,
बाबा