दोह्याचा बीइनचा बॉक्स मेलबर्नला न्यावा का?

तुमचा प्रश्न वाचताच जुनं दुखणं ओळखीचं वाटलं, म्हणून जरा लांब लिहितो. नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: दोह्यात बीइन स्पोर्ट्स या कतारी क्रीडावाहिन्यांचा बॉक्स आहे, वर्षाचे पैसे एकदम भरलेत, त्यातले सात महिने बाकी आहेत आणि नोकरी मेलबर्नला लागली. तिथेही बीइन दिसतं, मग बॉक्स बॅगेत टाकावा का? दुकानदार म्हणतो, "सेम कंपनी आहे, जगात कुठेही चालेल."

चालणार नाही. दुकानदाराला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

बीइन म्हणजे सगळीकडे एकच दुकान नव्हे. २००३ साली दोह्यात अल जझीरा स्पोर्ट म्हणून हे सुरू झालं. जून २०१२ मध्ये ते महिना ११ युरोत फ्रान्समध्ये शिरलं, त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत गेलं, आणि १ जानेवारी २०१४ पासून अरब देशांतल्या वाहिन्यांनाही बीइनचं नाव लागलं. तुर्कस्तानात त्यांनी डिजिटुर्क हा अख्खा प्लॅटफॉर्म विकत घेतला; तिथल्या लिग टीव्हीची पाटी जानेवारी २०१७ मध्ये बदलली. ऑस्ट्रेलियात नवीन काही उभारलंच नाही. आधीपासून चालू असलेली सेटांटा स्पोर्ट्स ऑस्ट्रेलिया २०१४ मध्ये घेतली आणि नाव बदललं.

म्हणजे कतारमध्ये बीइन वाहिनीही चालवतं आणि बॉक्स, कार्ड, रिचार्जही स्वतःच विकतं. ऑस्ट्रेलियात ते मुख्यतः दुसऱ्याच्या ताटातली एक वाटी आहे: फॉक्सटेल (पैसे भरून घ्यायचा टीव्ही) किंवा कायो (खेळांचं स्ट्रीमिंग ॲप) यांच्या पॅकमध्ये येतं, शिवाय त्यांचं वेगळं ॲप आहे. तुमच्या दोह्याच्या कार्डाचा नंबर मेलबर्नच्या कुठल्याच यंत्रणेत नाही. तिथल्या कस्टमर केअरला फोन केलात तर तो माणूस खरंच तुम्हाला ओळखणार नाही, त्यात त्याचा आडमुठेपणा नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. लीगचे हक्क प्रदेशाप्रमाणे विकले जातात, म्हणून लोगो तोच राहिला तरी सामने बदलतात. कतारमध्ये प्रीमियर लीग, ला लीगा, चॅम्पियन्स लीग हे सगळं बीइनवर पाहायची सवय झालेली असते. ऑस्ट्रेलियात ला लीगा (स्पेनची लीग) बीइनकडे आहे, पण इंग्लंडची प्रीमियर लीग २०१६ पासून ऑप्टस या टेलिकॉम कंपनीकडे होती आणि २०२५-२६ च्या हंगामापासून स्टॅन स्पोर्ट या स्ट्रीमिंग सेवेकडे गेली. चॅम्पियन्स लीगही स्टॅनवरच. अमेरिकेत तर ला लीगा २०२१ मध्ये बीइनकडून ईएसपीएनकडे गेली, वाहिनी मात्र चालूच राहिली. म्हणून नव्या देशात आधी वाहिनी शोधू नका. आपली लीग यंदा कोणाकडे आहे ते लीगच्याच अधिकृत संकेतस्थळावर बघा. आणि हे दर हंगामाला तपासा, मी वर लिहिलेलंही शिळं होऊ शकतं.

आता बॉक्सचं. तुमची छत्री (डिश) बहुधा दोनपैकी एका उपग्रहाकडे रोखलेली असेल: सुहैल, म्हणजे २५.५-२६ अंश पूर्व, किंवा नाइलसॅट, ७ अंश पश्चिम. दोह्यातून सुहैल नैर्ऋत्येला साधारण ४९ अंश उंचीवर असतो. नाइलसॅट जेमतेम २० अंशांवर, म्हणून समोर नवीन इमारत उभी राहिली की आधी नाइलसॅटच जातो. मेलबर्नहून हे दोन्ही उपग्रह क्षितिजाच्या खाली आहेत. तिथली छत्री उत्तरेकडे तोंड करून १५६ अंश पूर्वेच्या ऑप्टसच्या उपग्रहांकडे बघते आणि एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, तोही वेगळा लागतो: आखातात सर्रास ९.७५/१०.६ गिगाहर्ट्झचा युनिव्हर्सल, फॉक्सटेलला १०.७ चा. त्यामुळे एलएनबीसुद्धा नेऊ नका. ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय म्हणून बॉक्सचा दिवा लागेल, इतकंच. एचडीएमआय केबल न्या, ती मात्र चालते.

आता मुख्य मुद्दा, ज्याने मला सर्वात जास्त फटका बसला. एक विक्री काउंटर. नाव लिहीत नाही, कुठल्या नेटवर्कचं आणि कुठल्या शहरातलं तेही नाही. तिथे कार्डाचा रिचार्ज दुकानाच्या स्वतःच्या रीसेलर खात्यातून मारला जायचा. पैसे ग्राहकाचे, पावती हाताने लिहिलेली, वर फक्त रक्कम आणि "१२ महिने". कंपनीच्या नोंदीत ग्राहक म्हणून नाव मात्र आपलं नसतं, दुकानाचं असतं किंवा त्या कार्डाच्या आधीच्या मालकाचं. चित्र व्यवस्थित दिसत असतं तोवर कुणाला पत्ता लागत नाही. देश सोडायची वेळ आली, उरलेले महिने दुसऱ्याच्या नावावर करायचे म्हटले, की कंपनी म्हणते "खातेदार तुम्ही नाही", दुकान म्हणतं "ते कंपनीच्या हातात आहे", आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. पैसे गेले. वर त्या काउंटरवरच्या साहेबांचा आविर्भाव असा, की आपणच त्यांच्याकडे उधार मागायला आलोय! असो.

म्हणून बॉक्सचं काही करण्याआधी हे बघा. बॉक्सच्या मागचा स्टिकर, त्यावरचा सिरियल नंबर आणि कार्ड असेल तर त्याचा नंबर यांचे स्पष्ट फोटो काढा. मेनूमध्ये सबस्क्रिप्शनच्या माहितीचं पान शोधा, तिथली संपण्याची तारीख पावतीशी जुळते का बघा. लवकर रिचार्ज मारला असेल तर नवे महिने जुनी मुदत संपल्यावर सुरू झाले की त्याच दिवसापासून, हेही तिथेच कळतं. मग कस्टमर केअरला फोन करून कार्डाचा नंबर वाचून दाखवा आणि एकच विचारा: खातं कोणाच्या नावावर आणि कोणत्या मोबाइल नंबरवर आहे? नाव तुमचं नसेल तर दुकानात जाऊन, तिथेच उभं राहून, बदल करून घ्या. उद्या या म्हणाले तर आज लिहून मागा.

नाव तुमचं निघालं तर सात महिने वाचवायचा सरळ रस्ता म्हणजे कतारमध्येच राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला बॉक्स आणि खातं दोन्ही देणं. ईमेलवर तीन गोष्टी विचारा: खातं दुसऱ्याच्या नावावर होतं का, त्याला शुल्क किती, आणि नाही झालं तर उरलेली मुदत गोठवता येते का. फोनवरच्या "हो सर"ला काही अर्थ नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे हस्तांतर होईलच असं मी म्हणत नाही. पण होत असेल तर क्रम चुकवू नका. ओटीपी कतारच्या सिमवर येतो आणि ओळख कतार आयडीवर पटते. लोक आधी रेसिडेन्सी रद्द करतात, सिम बंद करतात, बँक खातं मिटवतात आणि मग विमानतळावर बसून बीइनला फोन लावतात. तेव्हा काही होत नाही. खात्याचं काम आधी, सिम सर्वांत शेवटी.

टॉडचं, म्हणजे बीइनच्याच स्ट्रीमिंग सेवेचं, ॲप वेगळं घेतलं असेल तर तेही याच वेळी बघा. ऑटो-रिन्यू बंद करा. ॲपलच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर चालू सबस्क्रिप्शनची मुदत संपेपर्यंत आणि स्टोअरमधली शिल्लक खर्च होईपर्यंत स्टोअरचा देश बदलता येत नाही, आणि तोवर काही ऑस्ट्रेलियन ॲप्स फोनवर उतरतच नाहीत. बीइनपेक्षा हाच त्रास जास्त होतो, कारण बँकेची ॲप्सही त्यातच अडकतात.

व्हीपीएनचं, म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवण्याचं, विचारलंत. अटींमध्ये बसत नाही, चालू सामन्यात कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यामुळे माझा सल्ला नाही. "पाच हजार चॅनल, वर्षाला एवढेच पैसे" वाले आयपीटीव्ही बॉक्स, म्हणजे इंटरनेटवरून चोरीचे चॅनल दाखवणारे, तर घेऊच नका. या धंद्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बीइनच्याच वाट्याला आलं होतं. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली, सौदीत बीइनचे बॉक्स विकणं बंद झालं आणि ऑगस्टपासून 'बीआउटक्यू' नावाने बीइनचंच प्रक्षेपण, वर आपला लोगो चिकटवून, काही सेकंदांच्या उशिराने दिसायला लागलं. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं आणि जून २०२० मध्ये तिथल्या पॅनेलने सौदीच्या विरोधात निष्कर्ष दिला. बीइनवरची सौदीतली बंदी उठायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, त्याच आठवड्यात सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने न्यूकॅसल युनायटेड हा प्रीमियर लीगमधला क्लब विकत घेतला गेला. योगायोग म्हणायचं तर म्हणा.

त्या वर्षी सौदीत आगाऊ पैसे भरून बसलेल्यांचा काय दोष होता? म्हणून माझं ठाम, कदाचित एकांगी मत: बदलीची नोकरी असेल तर क्रीडावाहिनीचे वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. सूट मिळते ती कबूल. पण ही नेटवर्कं उसन्या हक्कांवर पसरतात. सेटांटाचंच बघा. १९९० च्या विश्वचषकातला आयर्लंड-नेदरलँड्स सामना लंडनच्या आयरिश लोकांना दाखवण्यापासून सुरुवात, मग ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. २००७ पासून तीन हंगामांसाठी प्रीमियर लीगचे दरवर्षी ४६ सामने घेतले, तेवढे ग्राहक जमले नाहीत, हप्ते थकले आणि जून २००९ मध्ये ब्रिटनमधल्या वाहिन्या बंद पडल्या. आयर्लंडची आणि ऑस्ट्रेलियाची सेटांटा मात्र चालू राहिली, कारण तीही वेगळी खाती होती. इथेही तोच धडा, एका देशातलं नाव दुसऱ्या देशात तारतही नाही आणि बुडवतही नाही.

कुणी म्हणेल की युरोपात तर चालतं. तिथला प्रकार निराळा आहे. १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात पैसे भरून घेतलेली ऑनलाइन सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावर वापरता येते. तात्पुरतं, हा शब्द महत्त्वाचा. बिऱ्हाड हलवलं की तो नियम लागू नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून त्यातून बाहेर आहे. आणि कतारच्या कार्डाला याचा काडीचा उपयोग नाही.

कोकणात आणि गोव्यात आखातातून परतलेली मंडळीही बॉक्स आणतात, त्यांच्यासाठी एक ओळ. रत्नागिरीहून २६ अंश पूर्वेचा उपग्रह पश्चिमेला साधारण ३३ अंशांवर खरंच 'दिसतो', म्हणून गावातला छत्रीवाला "मारून देतो" म्हणेल. पण उपग्रहाचा बीम मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी आखलेला असतो, घरच्या छत्रीवर भरवशाचा सिग्नल मिळत नाही, आणि वर्गणीही त्या देशांपुरतीच असते. छत्रीवाला मजुरी मात्र पूर्ण घेतो.

मेलबर्नला पोहोचल्यावर पहिला महिना काहीच घेऊ नका. तिथे अँटी-सायफनिंगची यादी असते, त्यातल्या मोठ्या स्पर्धा आधी फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांना मिळतात. बाबा सोबत येणार आहेत आणि त्यांना क्रिकेट हवंय असं लिहिलंत, तर ऑस्ट्रेलियातल्या घरच्या कसोट्या सेव्हन या फुकट वाहिनीवर साध्या अँटेनावर दिसतात, बॉक्सिंग डे कसोटीसुद्धा. आयसीसीच्या स्पर्धा २०२४ ते २०२७ प्राइम व्हिडिओकडे आहेत. आयपीएलसाठी फॉक्सटेल किंवा कायो. म्हणजे ला लीगा आणि आयपीएल दोन्ही हवं असेल तर बीइनचं ॲप वेगळं घेण्याआधी बीइन असलेला कायोचा प्लॅन कितीला पडतो ते बघा, आणि महिन्याच्या बोलीवरच घ्या.

शेवटचं वेळेबद्दल, कारण दोह्याची सवय मोडते. स्पेनमध्ये रात्री नऊला सुरू होणारा सामना दोह्यात दहा किंवा अकराला लागायचा. मेलबर्नला तो तिथल्या हिवाळ्यात पहाटे पाचला, उन्हाळ्यात सकाळी सातला असतो. ऑक्टोबरमध्ये मेलबर्नची घड्याळं महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी मागे येतात, मधल्या काळात तोच सामना सहाला. मार्च-एप्रिलच्या सांध्यावर पुन्हा सहा. फोनचं कॅलेंडर हे सांभाळतं, पण सामना माद्रिदच्या टाइमझोनमध्ये टाकलात तरच. आणि ऑफिसनंतर रिप्ले बघणार असाल तर ॲपच्या गोल-नोटिफिकेशन सकाळीच बंद ठेवा.