"ते प्रयत्नच करत नाहीत"

पक्षाघाताचा रुग्ण हॉस्पिटलमधून घरी आला की थोड्याच दिवसांत घरचे माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात: "तिथे सगळं करायचे, घरी नुसते पडून असतात."

असंच साठीपुढचं एक जोडपं आलं. काकांची डावी बाजू कमजोर होती. सुरुवातीच्या भेटींत काकूच बोलायच्या. गोळ्या, व्यायाम, रक्तदाबाचे आकडे, त्यांना सगळं तोंडपाठ. एकदा मी काकांनाच विचारलं, "आज सकाळपासून तुम्ही स्वतः काय काय केलंत?"

काकू उत्तर देऊ लागल्या, तेव्हा मी त्यांना हातानं थांबवलं. काका बराच वेळ गप्प होते. मग सावकाश म्हणाले, "काही नाही. बटणाला हात लावायला जावं, तर हिचा हात आधी पोचतो."

"अहो, तुमची धडपड बघवत नाही मला." काकूंचे डोळे भरून आले.

"मग बघू नकोस. पण करू दे."

याच वाक्याची मी वाट पाहत होते. काकांची इच्छा मेली नव्हती, तिला वावच उरला नव्हता. माणसाची उमेद समजावून परत येत नाही, हातात काम आलं की येते, हे माझं जुनं मत आहे. शरीराचंही तेच. इजा झालेल्या भागाची कामं मेंदूचे शाबूत भाग हळूहळू उचलतात, पण ती पुन्हा पुन्हा केली तरच. न वापरलेला हात आणखी मागे पडतो.

आम्ही एवढंच ठरवलं: शर्टाची बटणं काकांची, कितीही वेळ लागो. खुर्चीत बसून लावायची आणि मागितल्याशिवाय मदत नाही. पुढे घरखर्चाची वहीही त्यांच्याकडे गेली. मग व्यायामासाठी मागे लागावं लागलं नाही.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते. नंतर वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. उठवताना कमजोर हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. शिवाय प्रत्येक गप्प बसणं बटणांनी सुटत नाही. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. कारण नसताना अचानक रडू किंवा हसू फुटणं हाही मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो, त्यावरून रागावू नका.

आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर माझ्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.