पालथा फोन

"सांगितलं तर घर मोडेल, ताई." समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांची भीती हीच असते. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

चाळिशीचा, चर्चच्या मंडळीत पेटी वाजवणारा माणूस. घरचे झोपले की बाथरूमची कडी लावून ऑनलाइन रमी खेळायचा. बायको जवळ आली की फोन पालथा. कर्ज 1 लाख 40 हजारांवर गेलं होतं. "मी मुळात वाईटच, म्हणून लपवतो का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, लाज उरली आहे म्हणून लपवता. एदेन बागेत आदाम-हव्वा देवापासून लपले तेव्हा रात्र कुठे होती? शिळोप्याची, दिवस गार होण्याची वेळ होती. अंधार नव्हता, तर त्यांनी झाडांचा आडोसा केला. बायबलात योहान 3:20 मध्ये येशू यावरच बोट ठेवतो: वाईट करणारा उजेडाकडे येत नाही, कारण कृत्यं उघडी पडण्याची धास्ती. आणि हे तो कोणाला सांगत होता? रात्री भेटायला आलेल्या निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला. "दिवसा ये" म्हणून प्रभूनं त्याला परत पाठवलं नाही. हाच निकदेम पुढे वधस्तंभावरून उतरवलेल्या प्रभूच्या देहासाठी गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन आला.

हे ऐकून तो भर उपासनेत उभं राहून सगळं सांगायला निघाला. त्याला थांबवलं. दार लावून प्रार्थना करा, असंही येशूच म्हणतो (मत्तय 6:6). एकांत म्हणजे पाप नव्हे. कळायला हवं होतं ते जिच्या संसारातले पैसे गेले तिला, आणि तेही एकदम. हप्त्याहप्त्यानं सांगितलेलं खरं फार छळतं. दर वेळी वाटत राहतं, अजून काय राहिलंय? म्हणून आधी त्याला एकेक देणं कागदावर लिहायला लावलं. दोन आठवडे लागले.

मग दोघं आली. तिनं कागद वाचला. "पैशांचं बघू. पण दोन वर्षं मी शेजारीच झोपत होते ना?" तो मान खाली घालून बसला.

घर मोडणार नाही, असा शब्द मी कुणालाच देत नाही. ती महिनाभर माहेरी राहिली. आता पगाराचं खातं ती बघते, तो दर शुक्रवारी पाळकसाहेबांकडे जातो. परवा दोघं आली, तेव्हा त्याचा फोन टेबलावर सुलटा पडला होता. वाजला, तो तिनंच उचलला.