बसस्थानक हलले, जागेचे पुढे काय?

प्रश्न : आमच्या शहराच्या मध्यभागी असलेले बसस्थानक शहराबाहेर हलवण्यात आले असून जुनी जागा पत्रे लावून बंद ठेवली आहे. रहिवाशांच्या सभेत कोणी बाग सुचवली, कोणी वाचनालय, कोणी परवडणारी घरे, तर कोणी वाहनतळ. शेवटी जो तो आपले मत घेऊन घरी गेला. आमच्या म्हणण्याला वजन यावे यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘तेथे काय बांधावे’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाग की वाहनतळ या वादात महिने जातात आणि तेवढ्या अवधीत ही जमीन कोणाला, किती वर्षांसाठी व कोणत्या अटींवर द्यायची याचा मसुदा तयार होत असतो. निविदा एकदा निघाली की नागरिकांच्या सूचनांना दर्शनी भागाचा रंग आणि झाडांची निवड यापलीकडे फारसा वाव राहत नाही.

म्हणून आधी मालकी तपासावी. जमीन परिवहन संस्थेची असेल, नगर प्रशासनाची असेल, किंवा एकाने दुसऱ्याला केवळ बसवाहतुकीसाठी म्हणून दिलेली असेल. या शेवटच्या प्रकारात वापर बंद झाल्यावर ती मूळ मालकाकडे परत जावी, अशी अटही दस्तात असू शकते. त्यासोबत नव्या स्थानकाचा खर्च कोठून भागवला जाणार आहे, हेही विचारावे, कारण बहुतेक वेळा त्याची भरपाई जुन्या जागेतूनच अपेक्षित असते. सॅन फ्रान्सिस्को येथील १९३९ चे ट्रान्सबे टर्मिनल २०१० मध्ये पाडून त्याच जागी नवे केंद्र उभारताना आजूबाजूच्या सार्वजनिक जमिनी विकसकांना विकून निधीचा काही भाग उभा करण्यात आला, आणि त्याच प्रकल्पात छतावर सुमारे ५.४ एकरांचे सार्वजनिक उद्यानही झाले. (ऑगस्ट २०१८ मध्ये उघडलेले हे केंद्र पोलादी तुळयांना तडे आढळल्याने जेमतेम दीड महिन्यात बंद करावे लागले आणि जुलै २०१९ पर्यंत बंदच राहिले, हेही सांगितले पाहिजे.) जमीन किती रक्कम मिळवून देणार आहे हे ठाऊक असल्याशिवाय मोकळ्या जागेची मागणी केली, तर ‘पैसे कोठून आणायचे’ या एका प्रश्नावर ती मागे पडते.

दुसरी चौकशी जमिनीखालची. स्थानकाला लागून आगार असेल, तर तेथे डिझेलच्या भूमिगत टाक्या, गाड्यांच्या तळाशी काम करण्याचे खड्डे, जुन्या बॅटऱ्या ठेवण्याची जागा आणि धुण्याचा रॅम्प असणारच. टाकी किंवा तिची नळी वर्षानुवर्षे झिरपत असली, तरी वरचे काँक्रीट कोरडे दिसते. बॅटऱ्यांमधील शिसे मातीत उतरते. सुटे भाग धुण्यासाठी वापरलेल्या क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ मातीतून वर चढून नव्या इमारतीच्या तळमजल्यात साचू शकते. जुन्या छपरांत आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सापडते. म्हणून जागेचा पूर्वेतिहास आणि माती व भूजलाचे नमुने यांचा अहवाल सार्वजनिक करावा, ही आपली पहिली लेखी मागणी असावी. मुलांचे खेळाचे मैदान किंवा भाजीपाल्याचे वाफे करायचे असतील, तर वाहनतळापेक्षा कितीतरी अधिक काटेकोर शुद्धीकरण लागते, त्यामुळे वापर आणि खर्च हे दोन्ही याच अहवालावर ठरतात. सफाईची जबाबदारी कोणाची, हे हस्तांतरणाच्या करारात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

या दोन गोष्टी हाती आल्यावर तिसरी मागणी करता येईल : जमीन कायमची न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, आणि किती क्षेत्र सार्वजनिक राहील हे निविदेतच नमूद करावे.

प्रश्न : आमच्याकडील जुन्या स्थानकाची इमारत कुरूप असल्याने ती पाडावी, असे बहुतेकांना वाटते. आपले मत काय?

उत्तर : कुरूपतेचा निकष फसवा असतो. इंग्लंडमधील प्रेस्टनचे १९६९ चे अवाढव्य काँक्रीटचे बसस्थानक पाडण्याचा ठराव तेथील परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये केला होता. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याला वारसा वास्तूचे संरक्षण मिळाले, पुढे दुरुस्ती झाली आणि आजही तेथून बसगाड्या सुटतात. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे २० मे १९६१ रोजी वर्णभेदाविरुद्ध बसने प्रवास करणाऱ्या ‘फ्रीडम रायडर्स’वर ज्या स्थानकात हल्ला झाला, तेथे २०११ पासून संग्रहालय आहे. आपल्या इमारतीला असा इतिहास नसेलही. तरीही स्थापत्य अभियंत्याकडून सांगाड्याची तपासणी करून घ्यावी : फलाटांवरचे विनाखांबी लांब छत शाबूत असेल, तर बाजार, सभागृह किंवा क्रीडागृह यांसाठी तेवढे आच्छादन नव्याने बांधणे बरेच महाग पडते. छत आणि खांब गंजले असतील, तर मात्र भावनेपोटी ते धरून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : निर्णय होईपर्यंत जागा तशीच पडून राहू द्यावी का?

उत्तर : नाही. माती-अहवालात धोका नसेल, तर आठवडी बाजार, सायकल शिकण्याचे मैदान, उघड्यावरचे कार्यक्रम यांसाठी ती लगेच खुली करता येते, कारण जड गाड्यांसाठी घातलेले जाड काँक्रीट या वापरांना आयतेच उपयोगी पडते. तात्पुरत्या वाहनतळाला मात्र मी सहजासहजी संमती देणार नाही. तेथे रोज गाडी लावणाऱ्यांना काही महिन्यांत तो आपला हक्क वाटू लागतो आणि पुढील प्रत्येक प्रस्तावाला पहिला विरोध त्यांचाच होतो. परवानगी द्यावीच लागली, तर परवान्यावर समाप्तीची तारीख आणि मुदतवाढीपूर्वी जाहीर सुनावणीची अट असावी.