प्राण्यांचं टपाल: हजार मैल पळणाऱ्या कुत्र्यांना पाणी कोण पाजतं?

प्रश्न: मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी आमच्या सोसायटीची मंडळी पेडर रोडला पाणी आणि संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असतात. यंदा मुलालाही नेलं होतं. घरी येऊन तो अलास्कातल्या कुत्र्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ बघत बसला आणि विचारू लागला, ‘या कुत्र्यांना पाणी कोण देतं? तिथेही आपल्यासारखी टेबलं मांडतात का?’ मला सांगता आलं नाही. आणि एवढं पळवणं हा छळ नाही का?
– एक वाचक, ताडदेव

उत्तर: चिरंजीवांनी नेमकं विचारलंय. माणसं असतात, दीड हजाराच्या वर असतात आणि बहुतेक बिनपगारी. पण कुत्र्यापुढे पाण्याचं भांडं ठेवायची त्यांना परवानगी नाही. शर्यतीचं नाव इडिटरॉड. कुत्र्यांचा एकेक संघ बर्फावरची घसरगाडी ओढत पळतो. अँकरेजहून नोमपर्यंत, साधारण हजार मैल, १९७३पासून दर मार्चमध्ये. कुत्र्यांना खाऊ घालणं, त्यांचे पाय बघणं, त्यांना निजवणं हे सगळं ज्याचा संघ त्यानेच करायचं, असा नियमच आहे. गाडी हाकणाऱ्याला तिथे ‘मशर’ म्हणतात. दमूनभागून थांब्यावर आलेला मशर स्वतःच्या पोटाचं मागाहून बघतो. आधी तो चुलीवर पाणी तापवतो. कुठे नदीच्या गोठलेल्या थराला भोक पाडून पाणी काढलेलं असतं, कुठे बर्फच वितळवायचा. तेही नुसतं पाणी चालत नाही. थंडीत कुत्री साधं पाणी हुंगून तोंड फिरवतात, म्हणून त्यात मांसाचं पाणी नाहीतर चरबी मिसळतात. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरींच्या आसपास लागतात.

मग हे दीड हजार लोक करतात काय? लागेल ते सगळं हाताशी आणून ठेवतात.

कामाला सुरुवात फेब्रुवारीतच होते. मशर प्रत्येक थांब्यासाठी वेगळी पोती भरतो आणि पोत्यावर स्वतःचं नाव आणि त्या थांब्याचं नाव घालतो. आत गोठवलेलं मांस, मासे, चरबी, कोरडं खाणं, बॅटऱ्या, स्वतःचं जेवण आणि कुत्र्यांचे मोजे. या मोज्यांचं मला फार कौतुक आहे. जाड कापडाची छोटी पिशवी, वर वेल्क्रोची पट्टी. बोटांच्या बेचक्यात बर्फाचे खडे धरले की कातडी सोलवटते, म्हणून चारही पायांना घालतात. भराभर फाटतात. एका संघाला नोमपर्यंत हजाराच्या वर मोजे लागतात, आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ जवळ नसतील तर थांब्यावरून पुढे सोडत नाहीत. गोठलेल्या बोटांनी ही वेल्क्रो कशी लावत असतील, देव जाणे. मला एसीत मांजराच्या पायाला पट्टी बांधताना घाम फुटतो.

ही पोती आणि कुत्र्यांच्या अंथरुणासाठी पेंढ्याचे भारे बहुतेक ठिकाणी विमानानेच न्यावे लागतात, कारण तिथे रस्ताच नाही. वैमानिक हौशी, विमानं छोटी, बर्फावर उतरायला त्यांना स्की लावलेल्या. संघांच्या पुढे बर्फावरच्या मोटारसायकली वाट मोडत जातात आणि चमकपट्टी लावलेल्या फळ्या रोवतात. अँकरेजच्या भर बाजारात नुसता मिरवणुकीसारखा दिखाऊ प्रारंभ होतो, खरी शर्यत दुसऱ्या दिवशी सुटते. त्या दिखाऊ प्रारंभासाठी रस्त्यावर बर्फ ट्रकने आणून पसरतात. २०१६मध्ये तर तो उत्तरेकडच्या फेअरबँक्स शहराहून रेल्वेने आणावा लागला होता! तिथे भुंकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या कुत्र्यांना सुटण्याच्या जागेपर्यंत धरून न्यायलाही स्वयंसेवक असतात, आणि त्यासाठी आधी शिकवणी घ्यावी लागते.

आता छळाचं. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी आणि ईसीजी होतो. वाटेत पन्नासच्या आसपास पशुवैद्य असतात. ते हृदय, फुप्फुसं, वजन, अंगातलं पाणी, भूक बघतात आणि कुत्र्याचा मूडही बघतात. मूड हसण्यावारी नेऊ नका. शेपूट पाडून बसलेलं कुत्रं रक्ताच्या रिपोर्टआधी बोलतं. नोंदींची वही मशरने जवळ बाळगायचीच. चोवीस तासांची एक आणि आठ तासांच्या दोन सक्तीच्या विश्रांती आहेत. त्यातली शेवटची नोमच्या ७७ मैल अलीकडे, व्हाइट माउंटनला. दमलेलं कुत्रं थांब्यावर सोडलं की विमानाने परत जातं, त्याच्या जागी दुसरं घेता येत नाही.

एवढं करूनही काही वर्षी कुत्री मेली आहेत. या शर्यतींत पोटात व्रण आणि श्वासनलिकेत अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया ही नेहमीची दुखणी आहेत. प्राणिप्रेमी संस्था दर वर्षी निदर्शनं करतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मला विचाराल तर या जन्मजात धावपटूंना पळायला लावावं लागत नाही, थांबवावं लागतं. पण थांबवायचं कधी, ते पहिल्या नंबरासाठी धडपडणाऱ्या माणसावर सोडू नये. त्यावर वैद्याचा शब्द अखेरचा असावा. मुलाला दोन्ही बाजू सांगा, दहा वर्षांच्या पोराला झेपतात.

प्रश्न: मुलीला सायबेरियन हस्की हवाय. ठाण्यात फ्लॅट आहे, एसी दिवसभर चालू ठेवू. घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. शर्यतीतली बहुतेक कुत्रीसुद्धा ते झुबकेदार हस्की नसतात, वीस-पंचवीस किलोंची सडसडीत मिश्र जातीची असतात. मे महिन्यात लाइट गेली की तुमचा एसी बंद, आणि त्याच्या अंगावरचा कोट काही काढून ठेवता येत नाही. तुमच्या गल्लीत देशी पिल्लं असतील. त्यातलं एखादं घ्या, आधी लस टोचा आणि पहिल्या पावसाच्या आत गोचिडांचं औषध सुरू करा.