न्याहारीची तयारी इशानंतर

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

तुझे पत्र मिळाले. तुम्ही दोघेही कामावर जाणारे, मुले शाळेची, आणि न्याहारी म्हणजे कोणी उभ्याउभ्या घेतलेला चहा तर कोणी वाटेत खाल्लेली बिस्किटे, ही घरातली स्थिती तू मोकळेपणाने लिहिलीस. लवकर होणारे पौष्टिक पदार्थ कोणते, असे तू विचारले आहेस. त्याविषयी लिहीनच, परंतु तुझी सकाळ स्वयंपाकघरात नव्हे, आदल्या रात्री हातातून निसटते, असे मला पत्र वाचताना जाणवले, म्हणून तेथूनच सुरुवात करू.

इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजपूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना आवडत नसे. घरच्यांशी आवश्यक बोलणे किंवा अभ्यास याला मनाई नाही; पण तासन्‌तास मोबाइलमध्ये डोके घालून बसणे त्यात नक्कीच बसत नाही. रात्र अशी सरली की फज्रसाठी, म्हणजे पहाटेच्या नमाजसाठी उठणे जड जाते, नमाजनंतर पुन्हा अंथरुणाकडे पाय वळतात, आणि मग दिवसातला जो वेळ बरकतीचा तोच हातचा जातो. ‘हे अल्लाह, माझ्या उम्मतच्या (अनुयायी समाजाच्या) पहाटेच्या वेळेत बरकत दे’ अशी दुआ प्रेषितांनी केली होती, ती सांगणारे सखर अल-गामिदी (रजि.) व्यापारी होते, आपला माल ते दिवसाच्या आरंभीच रवाना करीत आणि त्यांची भरभराट झाली. फज्र आणि घराबाहेर पडण्याची वेळ यांमध्ये जो अवधी उरतो, त्यातली पंधरा-वीस मिनिटे सर्वांनी एकत्र बसण्यासाठी राखून ठेव. बाकी सारी आखणी त्याभोवती कर.

इशानंतर दहा मिनिटे काढलीस तरी पुरेसे आहे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओट्स घाल, ते बुडून वर बोटभर राहील इतके दूध ओत, दोन चमचे दही आणि बिया काढून बारीक चिरलेले खजूर घालून झाकण लाव आणि बरणी फ्रिजमध्ये ठेव. सकाळी चमचा फिरवलास की दिसेल, ओट्स फुगून मऊ झालेले असतात, खजुराच्या कडा विरघळून दुधाला फिकट तपकिरी रंग आलेला असतो आणि वेगळी साखर घालावीच लागत नाही. खजूर मात्र उभा चिरून, आतून पाहून मगच घाल. प्रेषितांसमोर जुने खजूर आले तेव्हा ते तपासून त्यांतले किडे बाजूला काढीत असत, अशी हदीस, म्हणजे त्यांच्या आचरणाची परंपरेने आलेली नोंद, आहे. त्याच वेळी घरातल्या माणसांच्या हिशोबाने अंडी उकडून, सालासकट फ्रिजमध्ये ठेव. सकाळी अंडे सोलण्याचे काम मुलांकडे दे. जे आपल्या हाताने सोलले ते खाण्याला मुले सहसा नाही म्हणत नाहीत.

ओट्स आवडत नसतील तर जवाची पातळ खीर कर. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) आजाऱ्याला आणि शोकात असलेल्याला तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची अशीच खीर, देण्यास सांगत. ताजे खजूर आणि काकडी प्रेषित एकत्र खात असत. कापण्यापलीकडे त्याला काही लागत नाही, आणि घाईच्या दिवशी तेवढे व सोबत एक अंडे असले तरी न्याहारी चांगली झाली असे समज. प्रथिने, तंतुमय धान्य आणि एखादे फळ किंवा भाजी, एवढे ताटात आहे की नाही ते पाहा. फळांचा रस देण्यापेक्षा फळच दे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार रोजच्या ऊर्जेतला मुक्त साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत असावा, आणि रसातली व मधातली साखरही त्यात मोजली जाते. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, लहान मुलांना अख्खा सुकामेवा देऊ नये. तो कुटून घाल. चहा न्याहारीबरोबर न घेता थोडा नंतर घे, म्हणजे अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा येणार नाही.

बाजारातली डबाबंद न्याहारी आणताना आपण जिलेटिन कशापासून केले आहे, ई-471 हा चरबीपासून केलेला घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे बारकाईने वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु तेथेच थांबणे मला पटत नाही. पवित्र कुरआनने (2:168) हलाल आणि उत्तम अशा दोन्ही अटी एकाच वाक्यात घातल्या आहेत. ज्या डब्यातल्या घटकांत साखर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आहे, तो हलाल असला तरी मुलांच्या रोजच्या ताटात यावा असे मला वाटत नाही.

आता ज्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते ते लिहितो. आम्ही खातो पण पोट भरत नाही, अशी तक्रार काही जणांनी प्रेषितांकडे केली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘तुम्ही वेगवेगळे खात असाल?’ आणि एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन खाण्यास सांगितले. म्हणून चार पदार्थ करून चौघांनी चार वेळी खाण्यापेक्षा एकच साधा पदार्थ सर्वांनी मिळून खाल्लेला मला कितीतरी मोलाचा वाटतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बिस्मिल्लाह सर्वांत लहान मुलाला मोठ्याने म्हणू दे; सुरुवातीला विसरले तर मध्ये आठवेल तेव्हा ‘बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू’ म्हणता येते, त्यासाठी मुलावर ओरडू नकोस. प्रेषितांनी अन्नाला कधीही नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले. हा नियम ताटावर बसलेल्या बापालाही लागू आहे. मुलांना आधी थोडेच वाढ, हवे असेल तर पुन्हा वाढता येते, म्हणजे ताटात टाकणेही होत नाही आणि जबरदस्तीने पोट फुगवणेही होत नाही.

आणि ही सारी तयारी पत्नीच्या माथी मारू नकोस. प्रेषित घरात काय करीत असत, असे विचारले असता हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. बरणी भरण्याचे काम तू घे. अंडी कोणी उकडायची ते दोघे मिळून ठरवा.

सोमवार-गुरुवारचे रोजे तुम्ही ठेवत असाल तर त्या दिवशीही मुलांसोबत बसा, तुमची सहरी, म्हणजे रोजाआधीचे पहाटेचे खाणे, झालेली असली तरी. रमजानमध्ये ज्या मुलांवर रोजा नाही, त्यांचा डबा आणि न्याहारी सहरीच्या वेळीच तयार करून ठेव, नाहीतर घरात सर्वांचा रोजा म्हणून लहानग्याची न्याहारी राहून जाते. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस ठरवा आणि ते दोन दिवस पाळले गेले की तिसरा वाढवा. मुलांनी काय आवडीने खाल्ले आणि काय ताटात ठेवले, ते मला कळव, त्याप्रमाणे पुढचे सुचवीन.

वस्सलाम.